जुने दगड, नवे विधी: या वर्तुळात कोणीही येऊ शकतं, ते कसं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना अडखळले, तेवढं काढून टाकलंय. बाकी सगळं तसंच आहे.

दर वर्षी २१ जूनच्या आसपास तुमच्या मोबाईलवर एक रील येतेच. इंग्लंडमधलं स्टोनहेंज, उभ्या दगडांमागून वर येणारा सूर्य, पांढरे झगे घातलेली माणसं, ढोल, नाच. आणि खाली लिहिलेलं असतं, 'पाच हजार वर्षांची अखंड परंपरा'.

दगड खरंच तितके जुने आहेत. परंपरा मात्र अखंड नाही. ती तुटली, मग कल्पनेनं जोडली गेली, मग कुंपणाबाहेर हाकलली गेली आणि कोर्टाच्या पायऱ्या चढून परत आली. मला विचाराल तर ही गोष्ट त्या अखंड परंपरेपेक्षा जास्त ऐकण्यासारखी आहे.

आधी दगड

स्टोनहेंजचं काम सुरू झालं इ.स.पू. ३००० च्या सुमारास. आधी गोल चर आणि बांध. मोठे दगड आले इ.स.पू. २५०० च्या आसपास. हे मोठे दगड सरासरी वीसेक टनांचे, साधारण २५ किलोमीटरवरून आणलेले. आतले लहान निळसर दगड वेल्समधल्या प्रेसेली टेकड्यांमधले, म्हणजे दोनशेहून जास्त किलोमीटरवरचे. आणि मधला आडवा पडलेला दगड स्कॉटलंडच्या ईशान्य भागातून आलाय, असं २०२४ मध्ये जाहीर झालेल्या संशोधनात दिसलं. अंतर सातशे किलोमीटरच्या पुढे! तेव्हा त्या बेटावर चाकाच्या गाड्याही नव्हत्या.

आता गंमत बघा. या रचनेचा अक्ष दोन गोष्टींशी जुळतो. एका टोकाला उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवसाचा सूर्योदय, आणि बरोबर उलट्या टोकाला हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसाचा सूर्यास्त. जवळच डरिंग्टन वॉल्स नावाची त्या काळची वस्ती सापडली आहे. तिथल्या डुकरांच्या दातांवरून कळतं, की त्यातली बरीचशी नऊएक महिन्यांची असताना, म्हणजे हिवाळ्याच्या मध्यावर मारली गेली होती. म्हणजे त्या लोकांची मोठी जेवणावळ बहुधा डिसेंबरात व्हायची. आज गर्दी होते ती जूनमध्ये!

तिथे नेमकं काय म्हटलं जायचं, कुणाला पुजलं जायचं? त्या लोकांनी एक अक्षरही लिहून ठेवलेलं नाही. त्यामुळे 'तोच विधी' आज कुणीच करू शकत नाही.

मग ड्रुइड कुठून आले?

ड्रुइड म्हणजे लोहयुगातले केल्टिक पुरोहित. ज्युलियस सीझरनं त्यांच्याबद्दल लिहिलंय. पण सीझरचा काळ आणि ते मोठे दगड उभे राहिल्याचा काळ, यांत जवळपास अडीच हजार वर्षांचं अंतर आहे. आपल्यापासून सीझर जितका लांब, त्याहूनही जास्त!

ही सांगड घातली सतराव्या-अठराव्या शतकातल्या दोन हौशी माणसांनी. पहिला जॉन ऑब्री. १६४९ च्या जानेवारीत तो शिकारीला गेला आणि एव्हबरी गावात शिरला. बघतो तर काय, गावाभोवती प्रचंड दगडांचं वर्तुळ. ही वर्तुळं ड्रुइडांची देवळं असावीत, असा तर्क त्यानं मांडला. दुसरा विल्यम स्टुकली. त्यानं मोजमापं घेतली, चित्रं काढली, सूर्योदयाची दिशा टिपली आणि १७४० मध्ये पुस्तक काढून स्टोनहेंज ड्रुइडांना देऊन टाकलं. मोजमाप उत्तम, निष्कर्ष चुकीचा.

तिसरा माणूस त्याहून वस्ताद. इओलो मॉर्गनवुग हा वेल्श कवी. १७९२ मध्ये त्यानं लंडनच्या प्रिमरोझ हिलवर छोट्या दगडांचं वर्तुळ मांडून कवींचा मेळा भरवला आणि सांगितलं, की ही प्राचीन रीत आहे. ती त्यानं स्वतःच रचली होती, त्यासाठी जुन्या हस्तलिखितांची बनावटही केली होती. पण त्याची एक कल्पना टिकली: विधी सुरू करण्याआधी सगळ्यांना विचारायचं, शांतता आहे का?

आणि वर्षाचे आठ सण? सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस, दिवस-रात्र सारखे असण्याचे दोन संपात, आणि यांच्या अधेमधे येणारे सॉवन, इम्बोल्क, बेल्टेन, लूनसा. यांतले काही सण वेगवेगळे, जुने आहेत. पण आठांचं एक चक्र बांधलं गेलं १९५० च्या दशकात, विक्का पंथ उभा करणारे जेराल्ड गार्डनर आणि ड्रुइड रॉस निकोल्स यांच्या आसपासच्या मंडळींत. चेटूकविरोधी कायदा १९५१ मध्येच रद्द झाला होता, त्यामुळे हे उघडपणे बोलता यायला लागलं होतं.

थोडक्यात, आपण ज्याला 'पुरातन' म्हणतो तो विधी आपल्या आजी-आजोबांच्या वयाचा आहे.

वर्तुळात उभं राहिल्यावर

हे सगळं वाचून मी एव्हबरीला गेले होते, सप्टेंबरातल्या संपाताच्या खुल्या समारंभाला. स्विंडनहून बस मिळते, ती थेट गावात सोडते. हे वर्तुळ तीनशे मीटरहून जास्त व्यासाचं, जगातलं सर्वांत मोठं दगडी वर्तुळ. आत रस्ता, घरं, चक्क एक पब, आणि दगडांना पाठ घासणाऱ्या मेंढ्या. तिकीट नाही, कुंपण नाही.

माझ्या डोक्यात होतं की काहीतरी गूढ असेल. तर तिथे झगेवाले आठ-दहा, आणि बाकी रेनकोट, गमबूट, बाबागाडी, दोन कुत्री. एका बाईंनी मला विचारलं, "पहिल्यांदाच आलात?" मी हो म्हटलं. "मग हात धरा," एवढंच. धर्म विचारला नाही, नाव विचारलं नाही.

मग चारी दिशांना एकेक जण तोंड करून उभा राहिला आणि विचारलं गेलं, शांतता आहे का? सगळे 'आहे' म्हणाले. दिशांना आवाहन झालं. सुगीबद्दल बोलणं झालं. पाव आणि मधापासून बनवलेली मीड हातोहात फिरली. जे मीड घेत नव्हते त्यांच्यासाठी सफरचंदाचा रस होता. एका आजोबांनी या वर्षी गेलेल्या बायकोचं नाव घेतलं. कुणी काही बोललं नाही. वारा तेवढा होता.

इओलोनं रचलेला प्रश्न मला माहीत होता. तो बनावट आहे हेही माहीत होतं. तरी त्या आजोबांच्या आवाजात बनावट काहीच नव्हतं.

कुंपण, काठी, कोर्ट

आता मुख्य मुद्दा. या समारंभांना 'खुला' म्हणतात. हा शब्द फुकट मिळालेला नाही.

१९०० च्या शेवटच्या दिवशी स्टोनहेंजचा एक दगड कोसळला. पुढच्याच वर्षी मालकानं कुंपण घातलं आणि एक शिलिंग तिकीट लावलं. १९१५ मध्ये स्टोनहेंजचा चक्क लिलाव झाला. सेसिल चब नावाच्या गृहस्थांनी ते ६,६०० पौंडांना घेतलं आणि १९१८ मध्ये देशाला देऊन टाकलं.

१९७४ पासून तिथे जूनमध्ये मोफत महोत्सव भरायला लागला. गाणी, तंबू, गाड्यांमध्येच राहणारी भटकी तरुण मंडळी. दरवर्षी गर्दी वाढत गेली, नासधूसही झाली. दगडांभोवतीच्या जमिनीची आणि आसपासच्या थडग्यांची काळजी खोटी नव्हती. १९८५ मध्ये बंदी आली. १ जूनला तिकडे निघालेल्या ताफ्याला पोलिसांनी अडवलं, घेवड्याच्या शेतात गाड्यांच्या काचा फोडल्या, लोकांना मारहाण झाली, पाचशेहून जास्त जणांना अटक झाली. पुढे १९९१ मध्ये त्यातल्या काहींना कोर्टानं भरपाई मंजूर केली. पण दगडांकडे जाणं बंद ते बंदच.

बरोबर दहा वर्षांनी, १ जून १९९५ ला, २१ माणसं स्टोनहेंजच्या कुंपणाबाहेर रस्त्याकडेच्या गवतावर शांतपणे उभी राहिली. बस्, एवढंच केलं. त्यांतल्या दोघांना बेकायदा जमावाबद्दल दोषी ठरवलं गेलं. खटला वरपर्यंत गेला आणि मार्च १९९९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं ३ विरुद्ध २ असा निकाल दिला: कुणाला अडथळा न करता सार्वजनिक रस्त्यावर शांतपणे जमणं हा गुन्हा ठरत नाही. २००० च्या जूनमध्ये स्टोनहेंज पुन्हा खुलं झालं. तेव्हापासून त्या रात्री प्रवेश मोफत असतो. नियम मात्र आहेत: दगडांवर चढायचं नाही, दारू आणायची नाही.

खुलं म्हणजे काहीही चालेल असं नाही

एव्हबरीच्या संग्रहालयात हजारो वर्षांपूर्वीच्या एका लहान मुलाचा सांगाडा आहे. २००६ मध्ये काही ड्रुइडांनी मागणी केली, की तो आमचा पूर्वज आहे, त्याला पुन्हा पुरा. लोकांची मतं मागवली गेली, आणि २०१० मध्ये ठरलं की सांगाडा संग्रहालयातच राहील. मला तो निर्णय पटतो. वर्तुळात हात धरून उभं राहण्याचा हक्क सगळ्यांना आहे. पण 'हे पूर्वज फक्त आमचे' म्हणायला जो पुरावा लागतो, तो कुणाकडेच नाही.

त्याच २०१० मध्ये ड्रुइडांच्या एका संस्थेला धर्मादाय संस्था म्हणून नोंदणीही मिळाली. म्हणजे विधी नवा असला तरी श्रद्धा खरी असू शकते, हे सरकारनंही मान्य केलं.

आणि आपल्याकडे?

दगडी वर्तुळं बघायला विमानच लागतं असं नाही. नागपूरपासून काटोल रस्त्यानं थोडं गेलं की जुनापाणी आहे. तिथे लोहयुगातली सुमारे तीनशे शिळावर्तुळं आहेत. काही दगडांवर वाटीसारखे खळगे कोरलेले आहेत. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्यानं ते नोंदवले आणि युरोपातल्या तशाच खुणांशी त्यांची तुलना केली. आज आपल्याला माहीत आहे, की दोन्हींचं नातं नाही. आपली वर्तुळं म्हणजे दफनं आहेत, आणि स्टोनहेंजपेक्षा बरीच नंतरची.

तिथे सूर्योदयाला गर्दी होत नाही, रील बनत नाहीत. पण दगडांच्या बाबतीत धोका सगळीकडे सारखाच असतो. एव्हबरीतले कितीतरी दगड मध्ययुगात पुरले गेले, नंतर आग आणि पाण्यानं फोडून घरांच्या भिंतींत गेले. १९३० च्या दशकात मुरांब्याच्या धंद्यातल्या पैशावर अलेक्झांडर किलर यांनी त्यांतले बरेच पुन्हा उभे केले, म्हणून आज ते दिसतात.

तर मंडळी, पुढच्या वेळी 'पाच हजार वर्षांची परंपरा' असं वाचलंत, तर दोन प्रश्न विचारा. हे खरंच किती जुनं आहे? आणि इथे उभं राहायला कुणाला मनाई आहे? पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा 'फारसं नाही' असं येईल. विधीची लायकी कळते ती दुसऱ्याच्या उत्तरावरून.

जुनापाणीला कुणी जाऊन आलं असेल तर आवाज रेकॉर्ड करून जरूर पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. आणि हो, दगडांवर नाव कोरू नका. भेटू!