वर्ध्यातील रंगकाम: बारतोंडीच्या मुळापासून मगन खादीपर्यंत

वर्धा जिल्हा हा कापसाचा मुलूख आहे. 'हिंगणघाटी' या नावाने ओळखला जाणारा येथील देशी कापूस एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बाजारात नावाजलेला होता. जिथे कापूस तिथे सूत, आणि जिथे सूत तिथे ते रंगवणाराही असतो. नागपूर-वऱ्हाड भागात हे काम रंगारी, भावसार आणि निराळी या जातींकडे होते. निराळी प्रामुख्याने निळीत रंगवत. भावसार व रंगारी तांबडा आणि काळा रंग देत, तसेच लाकडी ठशांनी कापड छापत.

तांबड्या रंगाचे मूळ शब्दशः मुळातच होते. बारतोंडी किंवा आल या झाडाची मुळे खणून, वाळवून, कुटून रंग काढला जाई. मात्र कापसाचा तंतू असा रंग सहज धरून ठेवत नाही. म्हणून कापड आधी तेल आणि क्षाराच्या पाण्यात वारंवार बुडवून वाळवत, मग हिरड्याच्या पाण्यात भिजवत आणि त्यानंतर तुरटी देत. हिरड्यातील टॅनिन तंतूला चिकटते, तुरटीतील धातू टॅनिनला धरतो आणि रंग त्या धातूशी बांधला जातो. हे झाल्यावरच कापड आलीच्या मुळांबरोबर उकळायचे. अस्तराला आणि गादीला लागणारा जाडाभरडा खारवा याच रीतीने तांबडा होई.

छपाईचे इंगितही याच साखळीत होते. रंगारी ठशाने बहुधा रंग छापत नसे, तो रंगबंधक छापे. डिंकात कालवलेली तुरटी जिथे उमटे तिथे कापड पुढे तांबडे होई. लोखंडाचा गंज गुळाच्या पाण्यात आंबवून केलेली शाई जिथे लागे तिथे काळे होई. एकाच कढईत उकळलेल्या कापडावर त्यामुळे दोन रंग निघत, आणि न छापलेल्या भागावरचा फिका रंग धुऊन आणि उन्हात ठेवून घालवता येई.

निळीची तऱ्हा वेगळी. नीळ पाण्यात विरघळत नाही. चुना, गूळ आणि तरोट्याचे बी घालून नांद आंबवली की ती विरघळणाऱ्या रूपात येते. नांदेतून काढलेले कापड आधी हिरवट-पिवळे दिसते आणि वारा लागताच निळे होते. ही नांद थंड असल्यामुळे बांधणी आणि मेणाचे काम तिच्यात साधते. उकळत्या रंगात मेण वितळून जाते. पळसाच्या फुलांचा केशरी-पिवळा रंग काढायला सर्वांत सोपा, पण तो कच्चा असल्याने शिमग्यापुरता चाले.

1862 मध्ये वर्धा हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्या दशकात अमेरिकेतील यादवीमुळे कापसाचे भाव चढले होते, आणि 1867 मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे वर्ध्यावरून नागपूरपर्यंत पोहोचली. गाडीने कापूस बाहेर जाऊ लागला आणि गिरणीचे कापड आत येऊ लागले. पुढे हिंगणघाट आणि पुलगाव येथेही गिरण्या निघाल्या. रंगाऱ्याला मात्र दुसरा फटका प्रयोगशाळेतून बसला. 1856 मध्ये विल्यम पर्किनने पहिला कृत्रिम रंग तयार केला, 1868 मध्ये मंजिष्ठवर्गीय तांबड्या रंगाचे रसायन कृत्रिमरीत्या बनले आणि 1897 मध्ये बीएएसएफ या जर्मन कंपनीची कृत्रिम नीळ बाजारात आली. अनेक दिवसांचे काम पुडीतल्या भुकटीने काही तासांत होऊ लागले. बारतोंडीची मुळे खणणे परवडेनासे झाले आणि ही विद्या आटत गेली.

सूत वर्ध्यात परतले ते खादीच्या रूपाने. 1921 मध्ये विनोबा भावे वर्ध्याच्या आश्रमात आले. 1934 मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी आपली बाग संघाला दिली, तिचे नाव मगनवाडी पडले आणि जे. सी. कुमारप्पा संघाचे काम पाहू लागले. खादीच्या अवजारांवर आयुष्य वेचलेले मगनलाल गांधी 1928 मध्ये वारले होते. त्यांच्या नावाचे मगन संग्रहालय 30 डिसेंबर 1938 रोजी महात्मा गांधींच्या हस्ते उघडले. चरखे आणि ग्रामोद्योगांच्या वस्तू तेथे मांडल्या गेल्या.

पांढरी खादी ही कार्यकर्त्याची खूण ठरली, पण घरोघर लुगडी, चादरी आणि मुलांचे कपडे रंगीतच लागत. खादी खपायची तर ती रंगवणे भाग होते, आणि तिथे एक तांत्रिक अडचण होती. हातसुताचा पीळ सर्वत्र सारखा नसतो. सैल पिळाचा भाग रंग जास्त शोषतो, घट्ट पिळाचा कमी, त्यामुळे कापडावर पट्टे आणि डाग दिसतात. सूत किंवा कापड आधी सोड्याच्या पाण्यात नीट उकळून कापसातील मेण व तेलकटपणा काढणे, रंग हळूहळू चढवणे आणि पाण्यातील क्षार सांभाळणे, हे त्यावरचे उपाय. 1955 मध्ये मगनवाडीत जमनालाल बजाज केंद्रीय संशोधन संस्था सुरू झाली. खादी-ग्रामोद्योगांच्या तंत्रावरील संशोधनाला त्यामुळे कायमचे ठिकाण मिळाले. 2008 मध्ये याच संस्थेतून महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था उभी राहिली. खादी आणि वस्त्र हा तिचा एक विभाग आहे.

वनस्पतिज रंगांना पुन्हा मागणी आली ती कृत्रिम रंगांतील दोषामुळे. काही अॅझो रंगांपासून कर्करोगकारक द्रव्ये सुटतात, हे ध्यानात घेऊन जर्मनीने 1994 मध्ये त्यांच्यावर बंदी आणली आणि 1997 मध्ये भारतानेही 70 अॅझो रंगांवर बंदी घातली. वर्ध्यात मगन संग्रहालय समितीने सेंद्रिय कापूस, हातसूत आणि वनस्पतिज रंग यांची सांगड घालून 'मगन खादी' हे कापड बाजारात आणले.

अशा रंगकामाचा माल बराचसा आसपास मिळतो: डाळिंबाची साल आणि झेंडू पिवळ्यासाठी, बाभळीची साल व कात तपकिरीसाठी, हिरडा व हिराकस करड्या-काळ्यासाठी. नीळ मात्र बहुधा बाहेरून येते. पिवळ्यावर नीळ चढवली की हिरवा मिळतो. एकाच सालीच्या काढ्यातून तुरटीने उजळ आणि हिराकशीने गडद छटा निघते. झाडाचे वय, हंगाम आणि पाणी बदलले की रंगही बदलतो, त्यामुळे दोन खेपांचा मेळ बसवणे अवघड जाते. वजने, तापमान आणि वेळ लिहून ठेवणे हा त्यावरचा उपाय. रंगाऱ्याच्या घरी हे माप हाताच्या अंदाजात असे, आता ते वहीत उतरते. रंग बांधण्याची रीत मात्र तीच राहिली आहे: आधी हिरडा, मग तुरटी, मग रंग.