भुताच्या घरात मायक्रोफोन

तुम्ही शिकागोत आहात. साल १९३३, जागतिक प्रदर्शनाची गर्दी. काचेच्या खोलीत ऑस्कर नावाचा एक पुतळा बसलाय. त्याच्या दोन्ही गालांवर, कानांना लागून, एकेक मायक्रोफोन बसवलाय. काचेबाहेर लोक हेडफोन लावून उभे आहेत. तुम्हीही एक उचलता. आतला माणूस पुतळ्याच्या उजव्या खांद्यामागे जाऊन काहीतरी पुटपुटतो आणि तुम्ही झटकन मागे वळता. मागे कुणीच नाही. शेजारच्या बाईही वळल्यात, त्यांच्यापलीकडचा म्हातारासुद्धा.

काचेतून सगळं स्वच्छ दिसत असतानाही मान वळली, हे विसरू नका. आज भयकथेचं ऑडिओबुक ऐकताना वाड्यातली ती बाई तुमच्या मानेजवळ येऊन श्वास घेते ना, तिच्यामागची करामत हीच. दोन कानांना दोन वेगळे आवाज द्यायचे, की मधली जागा मेंदू आपणहून उभी करतो.

त्याच शहरात दोन वर्षं पुढे या. रात्र बरीच झालीय. नदीकाठच्या मर्चंडाइज मार्ट या अवाढव्य इमारतीत एनबीसीचे स्टुडिओ आहेत. विलिस कूपरनं जानेवारी १९३४ मध्ये सुरू केलेली ‘लाइट्स आउट’ ही रेडिओवरची भयमालिका इथूनच प्रसारित होते. लहान मुलं झोपल्यावरच ती ऐकू जावी म्हणून मध्यरात्रीची वेळ.

स्टुडिओत शिरताच वास येतो तो तळलेल्या मांसाचा. कोपऱ्यातल्या टेबलावर कोबीचे गड्डे, डुकराच्या बरगड्या, उकडलेल्या शेवया. विजेच्या खुर्चीत माणूस जळतो तेव्हा कढईत बेकन चुरचुरत असतं. मुंडकं उडतं तेव्हा सुरी कोबीतून जाते. हाडं मोडायची असली की बरगड्या पान्यात धरून पिरगळतात. तुमच्यासमोर हे सगळं शांतपणे, घड्याळाकडे बघत चाललंय आणि तुम्हाला जराही भीती वाटत नाही, कारण कोबी दिसतोय. दूर कुठल्या शेतघरात दिवा मालवून बसलेल्या माणसाला तो दिसत नाही. त्याच्यापुरतं मुंडकंच उडालंय.

मला या साउंड इफेक्टवाल्यांबद्दल फार आदर आहे. नाव लेखकाचं झालं, पण श्रोत्यांच्या घरात भूत त्यांनी नेऊन सोडलं. तरी तुम्हाला जिथं न्यायचंय ते ठिकाण अटलांटिकपलीकडे आहे.

१० मार्च १९३६, मंगळवार. लंडनच्या आग्नेयेला केंट परगण्यातलं मेपम गाव. समोरचं जुनं घर म्हणजे डीन मॅनॉर. घराला भुताची ख्याती आहे. आज बीबीसी तिथं आली आहे, कारण हॅरी प्राइस नावाचा भूतशोधक आज रात्री या घरातून थेट प्रक्षेपण करणार आहे. झपाटलेल्या घरातून थेट प्रक्षेपण ही तेव्हा अगदी नवी गोष्ट. जाड काळ्या तारा ओल्या गवतावरून उंबऱ्याआत गेल्यात. पाय जपून टाका, अंधार आहे.

प्राइस हा टक्कल पडलेला, नीटनेटका, प्रसिद्धीची हौस असलेला माणूस. त्याच्यावर विश्वास ठेवावा की नाही यावर लोक त्याच्या हयातीतच भांडत होते. पण त्याची पेटी एकदा बघाच. चालताना आवाज होऊ नये म्हणून नमद्याचे जोडे. भिंतींची जाडी मोजायला पोलादी टेप, म्हणजे चोरवाट असेल तर कळेल. दारं-खिडक्या बंद करायला दोरा आणि शिशाचे शिक्के. बोटांचे ठसे उठवायला ग्राफाइटची पूड. जमिनीचा बारीकसा हादरासुद्धा कळावा म्हणून पारा ओतून ठेवायची वाटी. कुणी बेशुद्ध पडलंच तर ब्रँडीची बाटली. ही पेटी भुताइतकीच माणसांच्या लबाडीसाठी भरलेली आहे, म्हणून मला ती आवडते. आणि आज या सगळ्याच्या जोडीला मायक्रोफोन आहेत.

या रात्री श्रोते कोणत्या मनःस्थितीत आहेत तेही ध्यानात घ्या. जानेवारीत राजा पाचवा जॉर्ज गेला, ती बातमी लोकांनी रेडिओवरूनच ऐकली. शनिवारी जर्मन सैन्य ऱ्हाइनलँडमध्ये शिरलं. पहिलं महायुद्ध संपून अठरा वर्षंही झालेली नाहीत; घराघरांत भिंतीवर एखाद्या मुलाचा गणवेशातला फोटो आहे. रेडिओसमोर श्वास धरून बसायचं म्हणजे काय, हे या देशाला आता कुणी शिकवायला नको.

प्रक्षेपण सुरू होतं. प्राइस घराची हकिगत सांगतो, मग बोलणं थांबतं. तुम्ही भिंतीला टेकून उभे आहात. तिचा गारवा कोटातून पाठीत उतरतोय. काही घडत नाही. पायरी वाजत नाही, दार हलत नाही. एरवी कार्यक्रमाच्या मध्येच शांतता म्हणजे बिघाड, दहा सेकंद गेले तरी लोक बटणं पिरगाळायला लागतात. आज मात्र ही शांतताच कार्यक्रम आहे. घराचं ते नुसतं असणं तारांमधून निघून गावोगावच्या बैठकीच्या खोल्यांत पोचतंय.

आणि आता तुम्हाला तिथूनही ऐकता आलं असतं तर? त्या खोल्यांमध्ये लोक कान टवकारून बसलेत, आणि ऐकायला समोरून काहीच येत नसल्यामुळे त्यांना स्वतःचं घर ऐकू यायला लागलंय. शेगडीतला कोळसा खचतो. वरच्या मजल्यावरची फळी करकरते, रोजच करकरत असणार. कुणी म्हणतं, ‘आत्ता रेडिओत वाजलं का?’

तळघरात तापमान नोंदवणारं यंत्र लावलंय. फिरत्या कागदावरच्या त्याच्या रेषेत त्या रात्री एक किंचित चढउतार उमटला. बाकी पुरावा नाही. भूत आलं नाही.

मला विचाराल तर झपाटलेलं घर ऐकवण्याचा याहून चांगला प्रयत्न फारसा झालेला नाही. आपल्याकडच्या भयकथांच्या ऑडिओबुकांना मात्र एक क्षण रिकामा ठेवायची धास्ती वाटते. वाडा आला की वारा आला, वाऱ्यामागून कुत्र्याचं रडणं, त्यावर व्हायोलिन. नारायण धारपांची किंवा रत्नाकर मतकरींची गोष्ट पुस्तकातून वाचताना ओसरीवरचा सन्नाटा वाचकाचा स्वतःचा असतो, त्याच्या आजोळच्या माजघरातून आलेला. निवेदकांनो, तेवढा आम्हाला परत द्या. दार उघडलं म्हणा आणि गप्प बसा.

आता फार लांब जायचं नाही, त्या रात्रीच्या चारच महिने मागे. नोव्हेंबर १९३५, लंडन. खोलीत दिवा नाही, कारण इथं राहणाऱ्याला तो लागत नाही. महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी, सोमच्या लढाईत स्वतः आंधळा झालेल्या इयन फ्रेझरच्या पुढाकारानं, बोलती पुस्तकं निघाली आहेत. बारा इंची तबकडी, मिनिटाला २४ फेरे, एका बाजूला साधारण २५ मिनिटं. एका कादंबरीला अशा दहाएक तबकड्या. पहिल्या पुस्तकांमध्ये कॉनराडचं ‘टायफून’ आहे आणि अगाथा ख्रिस्तीचं ‘द मर्डर ऑफ रॉजर अॅक्रॉइड’.

लागलंय ते दुसरं. संगीत नाही, वारा नाही, एकच आवाज. गावातला डॉक्टर झालेल्या खुनाची हकिगत सांगतोय, सावकाश, सभ्यपणे, तुमच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्यासारखा. कादंबरी १९२६ ची. तुम्ही ती वाचलेली आहे. इथं राहणाऱ्या या आंधळ्या माणसानं ती कधी वाचली नाही, वाचू शकणारही नव्हता.

बाजू संपते. तो चाचपत उठतो, तबकडी सवयीनं उलटतो आणि सुई टेकवण्याआधी तुमच्याकडे वळून म्हणतो, ‘डॉक्टर भला माणूस वाटतो.’

‘वाटतो खरा,’ तुम्ही म्हणता.