आल्याची मर आणि लोहाची पळवापळवी

साताऱ्याचं आलं आणि सांगलीची हळद आपल्याला भेटते ती चहात आणि फोडणीत. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकनसुद्धा मिळालं. पण या दोन्ही पिकांची एक जुनी पंचाईत आहे आणि ती मंडईत दिसत नाही. ही पिकं बियांपासून लावत नाहीत. गेल्या वर्षीचा कंद हेच यंदाचं बेणं. एकरी साधारण १० क्विंटल बेणं एप्रिल-मे मध्ये जमिनीत जातं, आणि त्याच्याबरोबर गेल्या वर्षीची बुरशीही गुपचूप जाते. मग पावसाळ्यात पानं पिवळी पडायला लागतात, खोड धरून ओढलं तर अलगद हातात येतं, आणि खाली गड्डा कुजलेला. बेणं, खत, मजुरी, कधी खंडाने घेतलेली जमीन, सगळं त्याच वाफ्यात.

यात गुन्हेगार दोन. एक पिथियम, तो कंद कुजवतो (आजच्या वर्गीकरणात तो खरी बुरशी नाही, पण आपण नको भांडायला). दुसरा फ्युजारियम, तो मुळातून आत शिरतो, झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या तुंबवतो आणि झाड हळूहळू वाळतं. हीच खरी 'मर'. हरभरा, तूर, केळी, सगळ्यांच्या मागे फ्युजारियमची कुठली ना कुठली जात लागलेली आहे.

आल्याची कूज आपल्याकडे पहिल्यांदा नोंदली ती १९०७ साली, सुरतच्या आल्यावर. सुरत तेव्हा मुंबई इलाख्यातच होतं. नोंदवणारा एडविन बटलर हा आयरिश माणूस, बिहारमधल्या पुसा इथल्या सरकारी संस्थेत बुरशीतज्ज्ञ होता. तुरीच्या मर रोगावरही मूळ काम त्याचंच, आणि हा रोग जमिनीतून येतो हे त्याने दाखवलं. म्हणजे शत्रू शंभर वर्षांपूर्वीच कळला होता. पण करायचं काय? फवारणी पानावर होते आणि हा बसलाय मातीत. तांब्याच्या औषधाची आळवणी केली तर बुरशीबरोबर बाकीची मंडळीही मरतात, आणि रिकाम्या जागेत पहिली परत येणारी बहुधा बुरशीच असते.

हरभऱ्याला यातून वेगळी वाट सापडली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने 'विजय', 'दिग्विजय' असे मरीला दाद न देणारे वाण दिले आणि प्रश्न बराच हलका झाला. आल्याचं तसं होत नाही, कारण त्याला बी धरत नाही, मग संकर करणार कसा? सांगलीजवळच्या कसबे डिग्रजच्या हळद संशोधन केंद्रातून 'फुले स्वरूपा' सारखे चांगले वाण आले, तरी बेणं कंदाचंच. म्हणून आल्या-हळदीची लढाई मातीतच लढावी लागते.

आणि मातीत लढायचं कसं, हे मातीनेच दाखवून दिलं. जगात काही ठिकाणी अशा जमिनी सापडल्या की तिथे फ्युजारियम असूनही मर लागत नाही. फ्रान्समध्ये शातोरेनार गावची खरबुजाची जमीन, कॅलिफोर्नियात सॅलिनास खोरं. ती माती तापवली की तिचा गुण जातो. याचा अर्थ गुण मातीच्या रसायनाचा नाही, तिच्यात राहणाऱ्या कोणाचा तरी आहे.

१९८० साली क्लोपर, श्रोथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातला एक पकडला. सुडोमोनास नावाचा जीवाणू. हा लोहासाठी एक पिवळसर-हिरवं द्रव्य सोडतो, ते अतिनील दिव्याखाली चमकतं, आणि आसपासचं लोह बांधून फक्त आपल्यापुरतं ओढून घेतो. फ्युजारियमला लोह मिळत नाही, त्याची वाढच थांबते. आमच्या धंद्याच्या भाषेत, बुरशीची प्रोसेस कोणी किल करत नाही, तिला रिसोर्सच मिळत नाहीत :) पुरावाही सुंदर होता. मर न लागणाऱ्या मातीत वरून लोह घातलं, तर मर लागायला लागली!

आता कृष्णाकाठची काळी माती आठवा. चुनखडीची, सामू आठच्या आसपास. अशा मातीत लोह भरपूर असतं पण विरघळत नाही, म्हणून कुणालाच सहज मिळत नाही. म्हणजे ही पळवापळवी जिथे सगळ्यात चुरशीची व्हावी, अशीच ही जमीन. आणि त्याच जमिनीत पिवळेपणा घालवायला आपण ड्रिपमधून लोह सोडतो. ते सुडोमोनासच्या त्याच आठवड्यात सोडावं का, हा प्रश्न निदान विचारायला हवा, असं मला वाटतं.

लोह हे एकच हत्यार नाही, हेही सांगायला हवं. काही सुडोमोनास प्रतिजैविकं बनवतात. १९९१ साली हॉलंडमध्ये कार्नेशनच्या मर रोगावर दिसलं की जीवाणू मुळाशी असला तर झाड स्वतःच सावध होतं, बुरशी आणि जीवाणू समोरासमोर न येतासुद्धा.

पण प्रयोगशाळेतला जीवाणू दुकानात पोचायचा कसा? हे काम आपल्याच देशात झालं आणि त्याचं कौतुक मात्र कमी होतं. १९९५ मध्ये कोइमतूरच्या तामिळनाडू कृषी विद्यापीठातले विद्यासेकरन आणि मुतमिळन यांनी हरभऱ्याच्या मरीसाठी सुडोमोनास शंखजिऱ्याच्या पावडरीत घातला. हो, तीच टाल्कम पावडर. त्यात तो आठेक महिने जगला. पुढे आपल्याकडे शंखजिऱ्यातली पाकिटं रूढ झाली.

तरी सुडोमोनास हा नाजूक गडी. बॅसिलससारखे चिवट बीजाणू तो बनवत नाही. नोंदणीच्या नियमात ग्रॅममागे किमान १० कोटी जिवंत जीवाणू हवेत, पण मे महिन्यात पत्र्याच्या गोडाऊनमध्ये पडलेल्या पाकिटात किती उरतात हे पाकीट सांगत नाही. त्यामुळे एखाद्याचं आलं वाचतं आणि बांधापलीकडच्याचं जातं, तेव्हा दोघांनी घातलेलं औषध नावाने एकच असलं तरी एकाच्या पाकिटात जीवाणू असतो आणि दुसऱ्याच्या पाकिटात नुसतं शंखजिरं, असं सहज होऊ शकतं. बेणं आधी बुरशीनाशकात बुडवून सावलीत सुकवायचं आणि जीवाणू नंतर लावायचे, ही शिफारसही त्यासाठीच. दोन्ही एकाच बादलीत कालवले की जीवाणूचा खर्च पाण्यात. पाकिटावरची उत्पादनाची तारीख बघून आणि सावलीतल्या दुकानातून घेतलं तर निदान पहिली परीक्षा तो पास होतो. बाकी पाणी साचू न देणारा गादीवाफा आणि आल्यावर पुन्हा आलं न घेणं, हे जीवाणूच्या आधीपासूनचे उपाय आहेत, आणि अजूनही त्यांच्याशिवाय भागत नाही.