कावेरीचा वशिंडवाला महसीर

पाठीवर बैलाच्या वशिंडासारखा उंचवटा, नारिंगी पर आणि पन्नास किलोंच्या पुढं जाणारं वजन. हा महसीर मासा मूळचा फक्त कावेरी आणि तिच्या उपनद्यांचा. ब्रिटिश अमदानीत गळ टाकणाऱ्या साहेबांना महसीराचं वेडच होतं. मद्रास इलाख्यातले सनदी अधिकारी हेन्री सुलिव्हन थॉमस यांनी १८७३ साली हिंदुस्थानातल्या गळाच्या मासेमारीवर अख्खं पुस्तक लिहिलं. १९४६ साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांनी कबिनी नदीत तब्बल १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा महसीर धरला.

पुढं धरणांनी नदी अडवली, सुरुंगाच्या दारूनं डोह उडवले गेले आणि महसीर विस्मृतीत गेला.

१९७७ साली तीन इंग्रज हौशी मंडळी या माशाच्या शोधात आली आणि कावेरीचं नाव पुन्हा गाजू लागलं. भीमेश्वरी, गालीबोरे इथं मासेमारीचे तळ उभे राहिले. मासा धरायचा, तोलायचा, परत सोडायचा, असा तिथला शिरस्ता होता. चोरट्या मासेमारीत मुरलेल्या स्थानिकांना वाटाड्याचं काम मिळालं.

त्याच सुमारास महसीर वाचवायला महाराष्ट्रातून मदत निघाली. पुण्याच्या मुळा-मुठेतल्या ज्या महसीराची शास्त्रीय नोंद कर्नल साइक्स यांनी १८३९ साली केली होती, त्याची बोटुकली टाटांच्या लोणावळ्याच्या केंद्रात तयार होऊ लागली. देशभर वाटली गेली, तशी ती कावेरीतही सोडली गेली. हेतू चांगला होता, पण मासा तिथला नव्हता.

परिणाम उघड झाला तो गालीबोरेच्या नोंदवह्यांतून. १९९८ ते २०१२ या काळात बाहेरून आलेला हा निळ्या परांचा महसीर गळाला अधिकाधिक लागत गेला. वशिंडवाला दुर्मीळ होत गेला, आणि सापडे तो बहुधा जुना, मोठा. नवी पिढी जवळपास दिसेनाशी झाली होती.

गंमत अशी, की एवढ्या प्रसिद्ध माशाला तोवर पक्कं शास्त्रीय नावच नव्हतं. केरळच्या पांबार नदीतल्या छोट्या माशांवरून आधीच 'टॉर रेमादेवी' ही जात नोंदवली गेली होती. वशिंडवाला तोच, हे २०१८ साली सिद्ध झालं, आणि त्याच वर्षी त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत झाली.

एका महसीराला वाचवणारा प्रयोग दुसऱ्याच्या मुळावर आला. कुठल्याही नदीत मत्स्यबीज सोडण्याआधी तिथला मूळ मासा कोणता, एवढं तरी तपासायलाच हवं.