परदेशी नाणे, परदेशी कंद : पारखले तेच टिकले



बचत गटांच्या बैठकांतून सध्या दोन प्रश्न आमच्याकडे फार येतात. पहिला पैशाचा. कुणाच्या तरी मोबाइलवर निरोप येतो, की डॉलरची खरेदी-विक्री करा, घरबसल्या कमवा, थोडक्या पैशात सुरुवात करा. मग गटात विषय निघतो, की आपली शिल्लक नुसती पडून आहे, त्यातले थोडे घालून बघायचे का? दुसरा प्रश्न चुलीचा. घरात कुणाला साखर आहे, कुणाच्या लेकराला गहू सोसत नाही, आणि कुणीतरी सांगते की धान्यच बंद करा. मग धान्याशिवाय घरभराचा स्वयंपाक करायचा कसा?

दोन्ही प्रश्न वेगळे दिसतात, पण इतिहासात ते एकाच बंदरावर भेटतात. म्हणून आज आम्ही त्यांची गोष्ट एकत्र सांगणार आहोत.

आधी चुलीकडे बघू. आषाढी एकादशीचे ताट डोळ्यांपुढे आणा. बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस, शेंगदाण्याची आमटी, साबुदाण्याची खिचडी, हिरवी मिरची, राजगिऱ्याचा लाडू. ज्वारी नाही, गहू नाही, तांदूळ नाही. म्हणजे धान्याविना स्वयंपाक आपल्याला नवा नाही, आपल्या आज्या-पणज्या तो करत आल्या. पण यातले बहुतेक जिन्नस पाचशे वर्षांपूर्वी आपल्याकडे नव्हतेच. बटाटा, रताळे, भुईमूग, मिरची आणि आताचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, हे सगळे मूळचे अमेरिका खंडातले. राजगिऱ्याच्या दाण्यांचे वाणही तिकडचेच मानतात. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतले. त्यांच्या आणि त्यांच्या मागून आलेल्या जहाजांतून यातले बरेचसे आपल्या किनाऱ्यावर उतरले. ‘बटाटा’ हा शब्दच पोर्तुगीज आहे.

आता पैशाकडे बघू. रुपया हे नाव रुप्यावरून, म्हणजे चांदीवरून आले. शेरशाह सुरीने १५४० नंतर सुमारे साडेअकरा ग्रॅम चांदीचा रुपया पाडला आणि पुढे मोगलांनी तोच चालवला. पण आपल्या मुलखात चांदीच्या खाणी फारशा नाहीत. मग एवढी चांदी आली कुठून? १५४५ मध्ये दक्षिण अमेरिकेत पोतोसी नावाच्या डोंगरात चांदीची प्रचंड खाण सापडली. आज तो भाग बोलिव्हिया देशात आहे. तिथल्या चांदीची स्पॅनिश नाणी युरोपात गेली आणि आपले कापड, मिरे, नीळ विकत घेण्यासाठी व्यापाऱ्यांच्या जहाजांतून सुरतेला आली. म्हणजे ज्या डोंगराळ मुलखातला बटाटा, त्याच मुलखातली रुपयाची चांदी.

आता खरी गोष्ट. या दोन्ही परदेशी पाहुण्यांना आपल्या लोकांनी घरात घेतले, पण उंबऱ्यावर पारखून.

सुरतेत परदेशी नाणे उतरले की ते तसेच बाजारात चालत नसे. सराफ ते तोलायचा, दगडावर वाजवून नाद ऐकायचा, चांदी किती खरी ते बघायचा. मग ते टांकसाळीत वितळून त्याचा रुपया व्हायचा. नाण्यावर कुठल्या राजाचा चेहरा आहे याला किंमत नव्हती. आत चांदी किती, याला होती.

१६७४ मध्ये रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, तेव्हा इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन तहासाठी आला होता. मुंबईचे आपले नाणे महाराजांच्या मुलखात चालावे, असे इंग्रजांचे एक मागणे होते. त्यावर महाराजांचे म्हणणे असे पडले, की ज्या नाण्यात रयतेचे नुकसान होईल ते घ्या अशी सक्ती आम्ही करणार नाही. तुमचे नाणे वजनाला आणि कसाला इतरांच्या बरोबरीचे असेल तर ते आपोआप चालेल, आम्ही अडवणार नाही. बघा मैत्रिणींनो, राज्यकर्त्याने चलनाबद्दल धरलेला हा केवढा सरळ नियम! नुकसान कुणाच्या पदरात पडणार, हे आधी बघायचे.

पुढे पेशवाईत जागोजागी टांकसाळी होत्या. पुण्याकडचा अंकुशी रुपया वेगळा, चांदवडचा वेगळा. एका भागातला रुपया दुसरीकडे नेला की त्याच्यावर काहीतरी कापून घेत. त्या कापण्याला बट्टा म्हणत. ‘नावाला बट्टा लागला’ हे आपण अजून म्हणतो, ते इथूनच. ‘खणखणीत नाणे’, ‘वाजवून घेणे’, ‘बंदा रुपया’ हेही त्याच बाजारातले बोल. नाणी पारखणारा तो पोतदार, आणि तेच कित्येक घरांचे आडनाव झाले. म्हणजे चलनाची अदलाबदल हा आपल्याकडे जुना, मानाचा धंदा. पण त्याची कमाई कशात होती ते नीट बघा. सराफ थोडा बट्टा घ्यायचा, बदल्यात आपली पारख द्यायचा. ‘तुमचे शंभर आणा, महिन्यात दोनशे करून देतो’ असे सांगणाऱ्याकडे कुणी पोतदारी सोपवली नसती.

१८३५ मध्ये कंपनी सरकारने सगळीकडे एकच रुपया केला, तेव्हा गावोगावच्या रुपयांचा बट्टा हळूहळू संपला. पण आता रुपयाचा भाव लांब लंडनमध्ये ठरू लागला. १८७३ नंतर जगात चांदी स्वस्त होत गेली. एका रुपयाला पूर्वी सुमारे दोन शिलिंग मिळत, ते वीस वर्षांत सव्वा शिलिंगाच्या आसपास आले. १८९३ मध्ये सरकारला टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद कराव्या लागल्या.

त्याहून जिवाला लागणारी गोष्ट १९३१ ची. जगभर मंदी होती, शेतमालाचे भाव कोसळले होते, पण सारा आणि सावकाराचे व्याज डोक्यावर तसेच होते. त्या सप्टेंबरात इंग्लंडने पौंडाची सोन्याशी असलेली गाठ सोडली. रुपया पौंडाला बांधलेला होता, म्हणून तोही सोन्याच्या मानाने उतरला आणि सोन्याचा रुपयातला भाव चढला. मग अडलेल्या घरांनी दागिने मोडले. बायांच्या अंगावरचे सोने सराफामार्फत मुंबईला आणि मुंबईहून जहाजाने लंडनला गेले. लंडनमधल्या एका निर्णयाने आपल्या खेड्यातल्या बाईचा गळा रिकामा झाला. तिने चलनाचा सौदा कधी केला नव्हता, तरी झळ तिलाच लागली. स्वातंत्र्यानंतरही हे थांबले नाही. ६ जून १९६६ ला एका दिवसात डॉलरचा दर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपये झाला. जाणते लोकही ज्याचा नेमका अंदाज बांधू शकत नाहीत, ते हे पाणी आहे.

आता आजचा व्यवहार. शेअर बाजारात डॉलर-रुपयाचे वायदे २००८ पासून चालतात. एक सौदा एक हजार डॉलरचा असतो. त्यासाठी अनामत थोडीच भरावी लागते, पण दर एक रुपयाने उलटा गेला तर तोटा पूर्ण एक हजार रुपयांचा. भरलेल्या रकमेच्या मानाने तोटा मोठा दिसतो, तो म्हणून. शिवाय रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये बजावले आहे, की ज्याचे परकीय चलनात खरोखर देणे-घेणे आहे त्यानेच जोखीम सांभाळण्यासाठी हे सौदे करायचे, नुसत्या अंदाजावर खेळण्यासाठी नाही. मोबाइलवरच्या कुठल्याही ॲपवरून परदेशात पैसे पाठवून सौदे करणे हा कायद्याचा भंग आहे, आणि त्यात आपणच अडकतो. अनधिकृत मंचांची यादी रिझर्व्ह बँक २०२२ पासून जाहीर करते. यादीत नाव नाही म्हणून तो मंच खरा, असे मात्र समजू नका.

मग नवशिक्या बाईने चलनाचे शिकायचेच नाही का? जरूर शिकायचे. ज्यांचा मुलगा आखातात आहे, त्यांनी दिरहमचा दर दोन-तीन बँकांत विचारावा. घेण्याचा दर वेगळा आणि देण्याचा वेगळा असतो. त्या दोहोंतला फरक आणि वरचे शुल्क म्हणजे आजचा बट्टा. तो जिथे कमी, तिथून पैसे मागवावेत. वर्षाला वाचलेले हे पैसे खरी कमाई आहे, आणि त्यात गटाच्या शिल्लकीला हात लावावा लागत नाही. फसवणूक झालीच तर लाजून घरात बसू नका, लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे हाती लागणे कठीण.

हीच पारख चुलीपाशी लावू. आपल्या आज्यांनी बटाटा घेतला म्हणून ज्वारी सोडली नाही. नवा कंद आधी उपवासाला, मग भाजीला, असा बेताने आत आला. गव्हातला चिकटपणा ज्या लेकराला सोसत नाही, असे डॉक्टरांनी तपासून सांगितले असेल, त्याला गहू आणि जव बंद. पण ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ यांत तो चिकटपणा नसतो, फक्त दळताना गव्हाचे पीठ मिसळू देऊ नका. ज्यांना साखर आहे, त्यांनी धान्य सोडून साबुदाणा धरला तर उलटेच होईल, कारण साबुदाणा जवळजवळ नुसता पिठूळ सत्त्वाचा असतो आणि साखर लवकर वाढवतो. औषध चालू असेल तर जेवणातला मोठा बदल डॉक्टरांना विचारूनच करा. ताटात सुरण, शेंगदाणे, ताक, पालेभाजी, डाळीचे धिरडे असे घ्या. भगरीला आपण उपवासाला चालवतो, पण ती खरे तर बारीक तृणधान्यच आहे. आणि दमट हवेत तिला बुरशी धरते. नवरात्रात, शिवरात्रीला भगर खाऊन माणसे आजारी पडल्याच्या बातम्या येतात. सुटे, जुने पीठ आणू नका. दाणे निवडून, धुऊन, लागेल तेवढेच दळा.

तर मैत्रिणींनो, परदेशातून आलेले सगळे वाईट नसते, नाहीतर एकादशीचे ताट रिकामे राहिले असते. पण जे टिकले ते वाजवून, तोलून, चाखून घेतलेले. गटाच्या पैशाची मागणी घेऊन कुणी आले तर तीन गोष्टी विचारा. परवाना कुणाचा? तोटा झाला तर कुणाच्या पदरात? आणि तुमची कमाई नक्की कशातून? तिन्हींची उत्तरे कागदावर, सही-शिक्क्यासह, सगळ्या जणींसमोर मागा. ती मिळेपर्यंत पेटीची किल्ली आपल्याच कनवटीला राहू द्या.