अफरातफर

अफरातफर (स्त्री.) : विश्वासाने हवाली केलेला पैसा, माल वा ऐवज यांचा हिशेबात फेरफार करून केलेला अपहार. ‘इफ्रात-तफ्रीत’ (आधिक्य व न्यूनता) या अरबी जोडीपासून फार्सीमार्गे आलेल्या या शब्दास हिंदीत ‘अफरातफरी’ या रूपाने गोंधळाचा अर्थ लाभला. मराठी दप्तरात मात्र तो आर्थिक अप्रामाणिकपणाचा वाचक ठरला. चोर कुलूप फोडतो, अफरातफर करणाऱ्यास किल्ली धन्यानेच दिलेली असते. म्हणूनच १८६० च्या दंडसंहितेत चोरीचे कलम ३७९, तर अपहार व विश्वासघात यांची कलमे ४०३ व ४०५ अशी पृथक् होती.

चंद्रपूर व १९८२ मध्ये त्यातून निघालेला गडचिरोली या वनजिल्ह्यांत तेंदूपत्त्याच्या फळीवर (संकलन केंद्रावर) मजुराने आणलेली सत्तर पानांची पुडकी वहीत कमी मांडणे, अथवा मजुरीची रक्कम परस्पर गिळंकृत करणे, ही अफरातफरीची ठळक उदाहरणे होत. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावास २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळाला, आणि तेव्हापासून असा हक्क मिळालेल्या ग्रामसभांकडे वनोपजाच्या विक्रीबरोबर हिशेबाची जोखीमही आली. जमाखर्च सर्वांसमक्ष वाचणे, हाच अफरातफरीवरचा खात्रीचा बंदोबस्त होय.