खोटा महाल, खरं साधन : थीम रेस्टॉरंटमधून इतिहास कसा वाचायचा?

पेट किंवा नेटचा अभ्यास करताना इतिहासाची साधनं आपण पाठ करतो. ताम्रपट, बखरी, दफ्तरं, प्रवासवर्णनं, वृत्तपत्रं. या यादीत तुम्हाला कधी हॉटेल दिसलंय का? दारात फेटेवाला दरवान, भिंतीवर नक्षी, आत महालाचा किंवा गावाचा देखावा असलेलं, म्हणजे ज्याला आपण थीम रेस्टॉरंट म्हणतो ते. सगळं नकली असतं, मग ते साधन कसं? मी विज्ञानाचा विद्यार्थी. आमच्या प्रयोगशाळेत भेसळ सापडली की नमुना बाद. इतिहासात मात्र भेसळ कोणी केली, कोणासाठी केली, हेच शोधायचं असतं. दोन उदाहरणं बघू, मग आपल्या रस्त्यावर येऊ.

पहिलं उदाहरण १८८६ चं. लंडनमध्ये साउथ केन्सिंग्टनला 'कलोनियल अँड इंडियन एक्झिबिशन' भरलं होतं. लोक दिवसभराची सहल काढून यायचे. आत भारतीय महालाचा देखावा होता आणि अंगणात कारागीर बसवले होते. हे पिढीजात कारागीर, असं प्रेक्षकांना सांगितलं जायचं. प्रत्यक्षात त्यातले बरेचजण आग्र्याच्या तुरुंगात काम शिकलेले होते. भारतातून पाठवलेल्या वस्तूंसोबत त्रैलोक्यनाथ मुखर्जी नावाचे बंगाली अधिकारी तिथे गेले होते. विलायतेत ते नवखेच. १८८९ साली त्यांनी प्रवासवर्णन छापलं. त्यात प्रदर्शनातल्या एका झकपक उपाहारगृहाचा प्रसंग आहे. ते पेपर चाळत बसलेले, आणि शेजारच्या टेबलावरचं खेड्यातून आलेलं इंग्रज कुटुंब त्यांच्याकडे चोरून बघतंय. शेवटी त्यांच्यातली एक मुलगी बोलायला येते. तुमच्या देशाचा बँड छान वाजवतो, असं कौतुकही करते. तो बँड होता वेस्ट इंडीजचा!

आता इथे थांबा. नवखे कोण होते? मुखर्जी परक्या देशात नवखे, आणि ते कुटुंब शहरात नवखं. पण बघण्याचा हक्क एकाच बाजूला होता. मुखर्जी जेवायला आलेले गिऱ्हाईक होते, तरी देखाव्याने त्यांना देखाव्यातच ओढलं. आणि तरीही मुखर्जींनी हे सगळं मिश्कीलपणे लिहून ठेवलं, म्हणून ज्याच्याकडे बघितलं जात होतं त्याची बाजू आज आपल्या हातात आहे. दफ्तरात ती सापडली नसती.

दुसरं उदाहरण आपल्या मुलखाशी जोडलेलं आहे. लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर १९२६ साली एडवर्ड पामर यांनी 'वीरास्वामी' सुरू केलं. फेटे बांधलेले वाढपी, महालासारखी सजावट. त्याआधी ते भारतीय मसाले विकायचे, आणि त्या मालाचं नाव होतं 'निजाम'. लक्षात आलं ना? नांदेड तेव्हा निजामाच्या राज्यातला जिल्हा होता आणि लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपले पणजोबा निजामाची रयत होते.

पामर हे आडनावही हैदराबादच्या इतिहासात नवीन नाही. जनरल विल्यम पामर पेशव्यांच्या दरबारी पुण्याला रेसिडेंट होते. त्यांचा मुलगा विल्यम याने हैदराबादला पेढी काढली आणि निजाम सरकारला जबर व्याजाने कर्ज दिलं. औरंगाबादच्या फौजेच्या पगारासाठी पेढी उचल द्यायची आणि मुलखाच्या महसुलातून वसूल करायची. १८२४ च्या सुमारास ती बुडाली. हॉटेलच्या कहाणीत मात्र सांगितलं जातं ते एवढंच की संस्थापक हे इंग्रज जनरल आणि भारतीय राजकन्येचे पणतू. ती 'राजकन्या' म्हणजे फैज बख्श. विल्यम डॅलरिंपल यांच्या 'व्हाइट मुघल्स'मध्ये तिचे वडील इराणातून आलेले घोडदळाचे अधिकारी आहेत. थोडक्यात, राजकन्या मेनूकार्डावर आली आणि कर्जाची वही बाहेर राहिली.

मग वीरास्वामीत जेवायचं कोण? भारतात नोकरी करून परतलेले साहेब, मेमसाहेब. त्यांना गेलेला थाट आठवायचा होता. नव्याने आलेल्या भारतीय विद्यार्थ्यांची गर्दी असायची जेरार्ड स्ट्रीटवरच्या 'शफीज'मध्ये. ते १९२० चं, साधं आणि स्वस्त. विद्यार्थ्यांचा अड्डाच होता तो. एकाच शहरात दोन 'भारत' होते. एक आठवणीसाठी, एक पोटासाठी. नुसत्या वीरास्वामीवर प्रबंध लिहिला तर अर्धाच लंडन हाती लागेल.

म्हणून अशा जागेला विचारायचे तीन प्रश्न वहीत लिहून ठेवा. एक, हा देखावा कोणाच्या आठवणीतून आला? दोन, टेबलावर कोण बसलंय आणि पोशाख घालून उभं कोण आहे? तीन, देखाव्यातून काय वगळलंय?

आता हेच प्रश्न घेऊन आपल्याकडच्या एखाद्या 'अस्सल गावरान' ढाब्यावर जा. बैलगाडीचं चाक, कंदील, चुलीवरची भाकरी, सगळं असतं. पण १९७२ च्या दुष्काळातली सुकडी आणि लाल मिलो तिथे नसते. खडी फोडायला गेलेली माणसं नसतात. काहींसाठी वेगळी ठेवलेली कपबशी तर नसतेच नसते. भाकरी थापणाऱ्या मावशींना विचारा, त्यांच्या स्वतःच्या घरी गॅस आला तेव्हा कसं वाटलं. चुलीच्या धुराबद्दल त्या जे सांगतील ते भिंतीवरच्या वारली चित्रात नाही. आणि हो, वारली चित्रकला पालघर-डहाणूकडची. ती मराठवाड्यातल्या भिंतीवर कशी आली, हासुद्धा एक विषय होऊ शकतो.

रजिस्ट्रेशनला अजून वेळ असेल तर घाबरू नका. एक रविवार काढा, दोघं-तिघं मिळून जा, जेवा आणि परत येऊन दोन पानं लिहा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या दोन्हींपेक्षा मोठं झालं, तर समजा विषय सापडला.